रात्रीची जीप येण्याआधी

दुपारची भांडी झाली असतील. कुणी शेंगा फोडत बसल्या असाल, कुणी बांधावर मोबाइल ठेवून ऐकत असाल. हाताचं काम चालू द्या, फक्त कान इकडं द्या. आज आम्ही कर्जाच्या हप्त्याचं किंवा शेळीच्या विम्याचं बोलणार नाही. आमच्याच गटातल्या एका बाईच्या घरचं सांगणार आहोत. तिला विचारलं, ती हो म्हणाली, तेव्हाच बोलतोय. तिचं नाव घेणार नाही, गावही सांगणार नाही. कुणी ओळखलंत तर मनात ठेवा.

तिचा मुलगा आता सतरा वर्षांचा आहे. उंच, अंगानं चांगला. चारदोन शब्दच बोलतो, पण एसटीच्या गाड्यांचे नंबर तोंडपाठ. रोज चार वाजता फाट्यावर जाऊन उभा राहायचा. गाडी आली, गेली, की घरी. ताट स्टीलचं आणि तेच लागतं. कुणी अंगाला हात लावलेला खपत नाही. लहानपणी गावात लोक त्याला काय काय म्हणायचे, ते इथं सांगायला नको. बाधा झाली म्हणून तीन ठिकाणी नेऊन झालं होतं. जिल्ह्याच्या सिव्हिल हॉस्पिटलात डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा तो नऊ वर्षांचा होता. त्याला स्वमग्नता आहे, म्हणजे ऑटिझम.

गावच्या शाळेत तो आठवीपर्यंत गेला. गुरुजी चांगले होते, मागच्या बाकावर बसू द्यायचे. शाळा सुटली आणि त्याचा सगळा दिवसच सुटला. बाप टेम्पोवर, आठवड्यातून एकदा घरी. आई आणि तो, दोघंच.

आता आमची चूक सांगतो. ती बाई गटाच्या मीटिंगला त्याला घेऊन यायची. तो आवाज करायचा, उठून दारं आपटायचा. एकदा आम्हीच म्हणालो, "अगं, त्याला घरी ठेवून येत जा, हिशेबात गोंधळ होतो." घरी कुणापाशी ठेवायचं, ते आम्ही विचारलं नाही. मग तिनं मीटिंगला येणं सोडलं. आम्ही नियमाप्रमाणे गैरहजेरीचा दंड लावला. पाच रुपये. तिनं तो दर वेळी लहान पोरीच्या हातून पाठवून दिला. एका शब्दानं बोलली नाही.

गेल्या वर्षीच्या लग्नसराईत एके रात्री तिच्या दारावरून वरात चालली होती. डीजेनं पत्रे हादरत होते. त्यातच लाइट गेली. पोरगा त्याआधी तीन रात्री झोपला नव्हता, स्वतःच्या गालावर मारून घेत होता. त्या रात्री तो बाहेर धावला आणि हाताला लागेल ते फेकायला लागला. वरातीतल्या एका म्हाताऱ्या बाबांच्या डोक्याला दगड लागला, चार टाके पडले. मग दहा-बारा गड्यांनी त्याला धरलं आणि बैलाच्या दाव्यानं बाजेला बांधलं. जीप आली. मागं तो, पुढं आई. आम्ही आपापल्या दारात उभं राहून बघत होतो.

तो तेवीस दिवस दवाखान्यात राहिला. आईला त्याच्याजवळ राहू दिलं नाही. ती बाहेर एका ओळखीच्यांकडं राहिली, रोज फाटकापर्यंत जाऊन यायची. आला तेव्हा वाळला होता, दिवसभर झोपायचा, तोंडातून लाळ गळायची. दोन महिने फाट्यावर गेला नाही.

आणि मैत्रिणींनो, त्याचा गाल दुखत होता हो. आमच्या आशाताईंना महिनाभरानं त्याच्या गालाला सूज दिसली. तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात दातांच्या डॉक्टरांकडं नेलं. दोन दाढा किडलेल्या, एकीत पू. बोलता येत नाही म्हणून तो गालावर मारून सांगत होता. तीन रात्री सांगत होता. ते समजून घ्यायला त्या घरात एकटी, तीन रात्रींची जागी आई सोडून दुसरं माणूसच नव्हतं.

तेव्हापासून आम्ही या विषयामागं लागलो. जे कळलं ते तुम्हाला सांगतो.

ऑटिझम हा आजार नाही. तो वेडही नाही, आणि आईनं काही खाल्लंन् झालं असंही नाही. जन्मापासून मेंदूची घडणच वेगळी असते. आवाज, उजेड, स्पर्श, वास यांतलं काहीतरी कुणाला फार लागतं, कुणाला जाणवतच नाही. रोजचं ठरलेलं मोडलं की जीव घाबरा होतो. काही जण भरपूर बोलतात, शिकतात, नोकरी करतात. काहींना आयुष्यभर सोबत लागते. ऑटिझम बरा करणारी गोळी नाही. झोप, फिट किंवा फार अस्वस्थपणा यांसाठी डॉक्टर औषध देतात, ती गोष्ट निराळी. पोरगं मारायला उठलं, डोकं आपटायला लागलं, तर आधी शरीरात बघायचं. दात, कान, पोट साफ होतंय का, लघवीला जळजळ आहे का. मुलगी असेल तर पाळीचं दुखणं. मग घरात काय बदललं ते बघायचं. हे सगळं बघून झाल्यावर बाकीचं.

२०१६ सालच्या दिव्यांग हक्क कायद्यात एकवीस प्रकार आहेत, त्यात ऑटिझम आहे. आधीच्या १९९५च्या कायद्यात सातच प्रकार होते आणि हा नव्हता. म्हणून जुन्या लोकांना वाटतं की याचं सर्टिफिकेट निघत नाही. निघतं. सिव्हिलमध्ये तपासणी होते, यूडीआयडी कार्ड मिळतं.

दुसरा कायदा २०१७ सालचा, मानसिक आरोग्य सेवेचा. तो आम्हाला आधी माहीत असता तर त्या फाटकाशी आम्ही तिच्याबरोबर उभ्या राहिलो असतो. अठरा वर्षांखालच्या मुलाला दाखल करायचं तर दोन तज्ज्ञांनी स्वतंत्रपणे तपासावं लागतं. त्याची जागा मोठ्या माणसांपासून वेगळी हवी. आई-बाप किंवा त्यांनी नेमलेलं माणूस पूर्ण वेळ त्याच्याजवळ राहिलंच पाहिजे. 'राहू शकतं' असं नाही, राहिलंच पाहिजे. साखळीनं बांधायला तर कुठंच परवानगी नाही. तमिळनाडूत एरवाडीला २००१च्या ऑगस्टमध्ये अशा माणसांच्या निवाऱ्याला आग लागली आणि साखळ्या असल्यामुळं २८ जण पळूही शकले नाहीत. आपल्याकडं दावं बांधलं. आम्हाला ते आठवलं की अजून झोप लागत नाही.

याच कायद्यात आणखी एक ओळ आहे. मुलाला दाखल करण्याआधी, गावात-समाजात राहून करता येण्यासारखे उपाय करून बघितले आणि ते पुरले नाहीत, किंवा ते उपयोगाचे नाहीत, हे दिसायला हवं. आमच्या प्रशिक्षणात वकीलबाईंनी ही ओळ वाचली आणि विचारलं, "तुमच्या गावात असा उपाय कोणता होता?" आम्ही सगळ्या गप्प. उपाय नव्हताच. वरात होती, दावं होतं आणि जीप होती.

त्याच बाईंनी इंग्लंडचं सांगितलं. आम्हाला वाटायचं तिकडं सगळं चांगलंच असणार. ब्रिस्टल शहराजवळ विंटरबॉर्न व्ह्यू नावाचं खाजगी हॉस्पिटल होतं, मतिमंद आणि ऑटिझम असलेल्या माणसांसाठी. २०११ साली बीबीसीनं लपवलेल्या कॅमेऱ्यानं आतलं चित्रण दाखवलं. कर्मचारी त्या माणसांना मारत होते, छळत होते. अकरा जणांना शिक्षा झाली. सरकारनं शब्द दिला की ज्यांना हॉस्पिटलची गरज नाही त्यांना जून २०१४पर्यंत बाहेर आणू, त्यांच्या घराजवळ आधार उभा करू. तो शब्द पाळला गेला नाही. अजूनही तिथं सुमारे दोन हजार माणसं अशा हॉस्पिटलांत आहेत आणि त्यांत ऑटिझमवाल्यांचं प्रमाण वाढलं आहे. कारण काय, तर पैसा खाटेला लगेच मिळतो, घरी येणाऱ्या मदतीला मिळत नाही. माणूस आत गेला की सरकार महिन्याला ढिगानं खर्च करतं. बाहेर असताना त्याच्या आईला दोन तासांची सोबत द्यायला मात्र कागद फिरत राहतो. एवढ्या श्रीमंत देशात हे, तर आपल्याकडचं काय बोलायचं!

पण त्यांनी नंतर तीन गोष्टी ठरवल्या. एक, ज्या मुलांवर दाखल होण्याची वेळ येऊ शकते त्यांची यादी आधीच करायची. दोन, तशा प्रत्येक मुलामागं एक ओळखीचं माणूस नेमायचं, जे घरच्यांच्या बाजूनं सगळ्या खात्यांशी बोलेल. तीन, दाखल करण्याआधी मुलाला आणि आई-बापाला धरून बैठक घ्यायची आणि विचारायचं, की काय दिलं तर हा घरी राहील? या तीन गोष्टींना मोठी इमारत लागत नाही. आम्ही त्या उचलल्या. उचलायला काय लाज?

यादी करायला आशाताई आणि आम्ही पाच गावं फिरलो. सर्वे म्हणून गेलो असतो तर कुणी सांगितलं नसतं. हळदी-कुंकवाला, बारशाला, कुणाच्या दारी भाजी निवडायला बसून विचारलं. चार घरं सापडली. तीन मुलगे आणि एक मुलगी.

मुलीचं सांगायलाच हवं. पंधरा वर्षांची. पाळी सुरू झाल्यापासून तिला आतल्या खोलीत कोंडलं होतं. बाहेरून कडी. आई वाईट नव्हती. ती म्हणाली, "वहिनी, हिला कपड्याचं भान नाही. कुणी काही केलं तर ही सांगू पण शकणार नाही. मी रोजानं जाते. कुणाच्या भरवशावर उघडं ठेवू?" याला आमच्याकडं उत्तर नव्हतं. मुलगा असला की तो रस्त्यावर दिसतो, दगड फेकतो, मग जीप येते. मुलगी आतल्या आत संपते, जीपसुद्धा येत नाही. आता तिच्या शेजारच्या आजी दुपारी दोन तास तिला ओसरीवर बसवतात, ती मटकी निवडते. एक एक दाणा सारखा लावून ठेवते, ओळीत. कडी अजून पूर्ण सुटलेली नाही. रोजगाराच्या दिवशी सकाळी लागतेच.

प्रत्येक घरामागं आम्ही गटातली एक बाई ठरवली. आम्ही तिला हाकेची ताई म्हणतो. रात्री-अपरात्री पहिला फोन तिला. सिव्हिलची तारीख, गोळ्या संपणं, कार्डाचं नूतनीकरण हे तिच्या वहीत. तिनं डॉक्टर व्हायचं नाही, उपदेश करायचा नाही, अंगारा सुचवायचा नाही. नाशिक जिल्ह्यात पेठ तालुक्यात 'आत्मीयता' नावाच्या कामात गावातल्याच माणसांना असं मनाच्या दुखण्यात साथ द्यायला शिकवलं होतं. तेव्हा गावच्या बायांना हे जमत नाही असं कुणी म्हणू नये.

मग त्या पोराचा कागद केला. एकच पान, मोठ्या अक्षरात. त्याला काय आवडतं, कशानं घाबरतो, दुखलं तर काय करतो, कोणती गोळी कधी, कुणाला कोणत्या क्रमानं फोन करायचा. खाली ठळक लिहिलं: चौघांनी एकदम बोलू नका, धरू नका, बांधू नका, आवाज आणि दिवा कमी करा, जागा द्या, थांबा. हा कागद आईनं सांगितला आणि आम्ही लिहिला, पण एक ओळ त्याची आहे. आम्ही विचारलं, राग आला की काय पाहिजे? तो बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, "गाडी." म्हणजे त्याला फाट्याकडं चालत न्यायचं. खरंच त्यानं शांत होतो. कागदाच्या प्रती पोलीस पाटलांकडं, आशाताईंकडं, हाकेच्या ताईकडं आणि आईच्या पिशवीत.

एवढं सगळं बिनपैशाचं झालं. पुढचं पैशाचं.

त्या आईला सगळ्यांत जास्त काय हवं होतं? आम्हाला वाटलं होतं अनुदान. ती म्हणाली, "मला रोज दोन तास कुणीतरी माणूस द्या. मला अंघोळ निवांत करता येत नाही." गावात एक डीएड झालेली मुलगी घरी बसून होती. तिला विचारलं, तीही कचरतच तयार झाली. दुपारी दोन तासांचे शंभर रुपये. महिन्याला बावीस दिवस म्हणजे २,२००, वर्षाला २६,४००.

ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातले पाच टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात, हे तुम्हाला माहीत असेल. आमच्या गावचं उत्पन्न सहा लाखांच्या घरात, म्हणजे तीस हजार रुपये. आम्ही खुशीत महिला सभेत विषय घेतला आणि ठराव ग्रामसभेकडं पाठवला. आपल्या गटांच्या व्हीपीआरपी आराखड्यातही लिहिलं. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत विषय निघाला आणि आम्ही तोंडावर पडलो.

गावात नोंदलेले दिव्यांग सत्तावीस. दर वर्षी तीस हजार सारखे वाटले जातात, माणशी अकराशेच्या आसपास. शिवणकाम करणारे एक काका कुबडी टेकत उभे राहिले. म्हणाले, "एका पोरासाठी सव्वीस हजार, आणि आम्ही सव्वीस जणांनी काय करायचं? अकराशेत माझं वर्षाचं दोरा-बटन येतं." त्यांचं काय चुकलं? आम्ही भांडायच्या तयारीनं गेलो होतो, पण भांडायचं कुणाशी? त्या रात्री आम्हाला कळलं की तीस हजारांत सत्तावीस जणांना एकमेकांपुढं उभं करून ठेवलं आहे.

काकांशी नंतर त्यांच्या दुकानात बसून बोललो. शेवटी तोडगा निघाला तो असा. दहा हजार ग्रामपंचायतीनं 'दिव्यांग मदतनीस' म्हणून द्यायचे. बाकीचे पूर्वीसारखे वाटायचे. आठ हजार आमच्या ग्रामसंघानं जोखीम प्रवणता निधीतून द्यायचे. हा निधी अशाच अडलेल्या घरांसाठी असतो, तो तिजोरीत ठेवून त्याची पूजा करायची नाही. झाले अठरा हजार. आठ महिने निघतात.

पैसे देताना अर्ध्या पानाचा करारही लिहिला, कारण नुसते पैसे दिले म्हणजे मदत पोचली असं होत नाही. किती ते किती, काय करायचं, काय नाही. बांधायचं नाही, दार लावून घ्यायचं नाही, मोबाइलवर त्याचे फोटो-व्हिडिओ काढायचे नाहीत. सुट्टी हवी तर आदल्या दिवशी सांगायचं, म्हणजे त्याला चित्र काढून दाखवता येतं की उद्या दीदी नाही. महिन्याच्या शेवटी आईला विचारूनच पैसे द्यायचे. ग्रामसेवकांनी हा कागद बघून विचारलं, "एवढं कशाला?" गटाच्या एका बाईनं उत्तर दिलं, "तुम्ही गटाराचं टेंडर काढता तेव्हा किती पानं असतात?" ते हसले आणि शिक्का मारून दिला.

याशिवाय जे मिळतं ते थोडक्यात सांगतो, कारण फोनवर हेच जास्त विचारलं जातं. नॅशनल ट्रस्टच्या निरामय विम्यात ऑटिझमवाल्या माणसाला वर्षाला एक लाखापर्यंत संरक्षण आहे, बाहेरून घेतलेले उपचार आणि थेरपीही त्यात येतात. संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज तहसीलमध्ये. तालुक्याच्या विधी सेवा समितीकडून दिव्यांगांना वकील मोफत, उत्पन्नाची अट नाही. ज्यांना फार मदत लागते त्यांना २०१६च्या कायद्यानं जास्तीच्या आधारासाठी अर्ज करता येतो, आणि मदतनिसाच्या भत्त्याचाही उल्लेख त्या कायद्यात आहे. आमचा तो अर्ज अजून फिरतोय. मूल अठरा वर्षांचं झालं की आई-बाप आपोआप पालक राहत नाहीत. पालकत्वासाठी कलेक्टरांच्या समितीकडं जावं लागतं. आमच्या पोराचं ते पुढच्या वर्षी येतंय, आतापासून कागद जमवतोय.

आता तुम्ही विचाराल, याचा उपयोग झाला का.

गणपती विसर्जनाच्या दिवशी त्याला हाकेच्या ताईच्या वस्तीवर रानात नेऊन ठेवलं. मंडळाच्या पोरांना आधीच जाऊन भेटलो. त्यांनी त्या आळीत डीजे बंद ठेवून नुसता ढोल वाजवला. तो दिवस सोपा गेला.

अवघड रात्र दिवाळीनंतर आली. सुट्टीच्या गर्दीसाठी गाड्या दुसरीकडं वळवल्या होत्या, चारची गाडी पाच दिवस आलीच नाही. तो रोज फाट्यावर जाऊन अंधार पडेपर्यंत उभा राहायचा. जेवण सोडलं, झोप सोडली. पाचव्या रात्री अकरा वाजता हाकेच्या ताईचा फोन आला. आम्ही चौघी गेलो. तो भिंतीवर डोकं आपटत होता, आई मध्ये हात घालत होती. तिच्या हाताची चामडी सोललेली.

कागदाप्रमाणे दिवा बारीक केला. भिंतीला गोधडी लावली. शेजारच्यांना हात जोडून घरी पाठवलं. आम्ही बोललो नाही. हे सांगायला सोपं आहे, बायांनो. आम्हा बायांना न बोलणं किती जड जातं ते त्या रात्री कळलं. एकीनं अंगणात जाऊन १४४१६ला फोन लावला. टेलिमानस, सरकारी आहे, मोफत आहे, चोवीस तास चालतं, मराठीत बोलतात. त्यांनी शांतपणे विचारलं, ताप आहे का, फिट आली का, शौचाला कधी झाली? आईला आठवेना. हिशेब केला तर पाच दिवस झाले होते. पोट हाताला दगडासारखं लागत होतं.

पहाटे तीनला त्याला चालत फाट्याकडं नेलं. मध्ये एकदा आमच्यातली एक फार जवळ गेली आणि तो तिच्या मनगटाला कडकडून चावला. खूण अजून आहे. ती ओरडली नाही, नुसती मागं सरकली. फाट्यावर गाडी नव्हतीच, पण तो दगडावर बसला आणि हळूहळू डुलायला लागला. सकाळी प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टरांनी पोटाचं औषध दिलं, कान-दात तपासले. झोपेची गोळी आम्ही आपल्या मनानं ना वाढवली, ना बंद केली. सिव्हिलच्या मनोविकार डॉक्टरांना फोनवर विचारलं. दोन दिवसांनी तो जेवला. जीप बोलवावी लागली नाही.

यावरून हॉस्पिटल वाईट असं कुणी समजू नका. फिट थांबत नसेल, डोक्याला मार लागला असेल, दोन दिवस पाणीसुद्धा पोटात जात नसेल, स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवावर बेतलं असेल, तर १०८ला फोन करा, वेळ घालवू नका. फक्त कागद बरोबर घ्या, आईला बरोबर पाठवा आणि विचारा की कधी सोडणार, घरी आल्यावर काय लागेल. दाखल होणं आणि टाकून येणं यात फरक आहे. घरचे नेत नाहीत किंवा गावात सोय नाही एवढ्याच कारणानं कुणाला तिथं ठेवता येत नाही, हेही त्या २०१७च्या कायद्यात आहे.

सगळं गोड झालंय असंही नाही. टाके पडलेले ते बाबा अजून त्या घरासमोरून जात नाहीत, वळसा घालतात. पोराची आई दोनदा त्यांच्या दारी जाऊन आली. यादीतल्या एका घरानं आम्हाला 'आमच्याकडं असं कुणी नाही' म्हणून परत पाठवलं, आणि आतून आवाज येत होता. दंडाचे पैसे आम्ही त्या बाईला परत द्यायला गेलो, एकूण पंचावन्न रुपये. ती म्हणाली, "राहू द्या गटात." आता मीटिंगच तिच्या ओसरीवर होते. तो येतो-जातो, दार आपटतो. हिशेबात गोंधळ होतो. पुन्हा मोजतो.

पैसे एप्रिलअखेर संपतात. त्यापुढं मे महिना, ऐन लग्नसराई, वराती. २६ जानेवारीच्या ग्रामसभेच्या आधी महिला सभा आहे, त्यात उरलेल्या चार महिन्यांच्या ८,८०० रुपयांचा विषय आम्ही घेतला आहे. या वेळी शिवणकामवाल्या काकांना विचारून घेतला आहे. नाहीच मिळाले तर मे महिन्याच्या पाळ्या लावून ठेवल्या आहेत. सोमवारी आणि गुरुवारी आम्ही, मंगळवारी आशाताईंच्या सासूबाई, बुधवारी ती मनगटाला चावलेली. शुक्रवार मोकळा आहे. ऐकणाऱ्यांपैकी कुणी आमच्या गावची असेल आणि शुक्रवारी दुपारी दोन तास निघत असतील, तर मीटिंगला या, शनिवारी, दुपारी दोनला.